नसीम आपा आणि गेटचा नंबर

नसीम आपा कुणाच्याही घरी वायफायचं काम करायला गेल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "मेन स्विच कुठंय?"

बिघाड काय, कधीपासून, हे सगळं नंतर. आधी मेन स्विच कुठं ते बघून यायच्या, मग बैठकीत यायच्या, ओढणी नीट करून राऊटरसमोर पाटावर बसायच्या. खुर्ची दिली तर "नक्को" म्हणायच्या. राऊटर नेहमी खालीच कुठंतरी टीव्हीमागं धूळ खात पडलेला असतो, त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या उंचीला बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. काम झालं की चहा विचारायची सोय नव्हती. आधी उठून मेन बंद करायच्या. अख्खं घर ठप्प. पंखा बंद, फ्रिज बंद, आतून कुणाच्या तरी मिक्सरचा जीव गेल्याचा आवाज. आपा मनातल्या मनात साठ आकडे मोजणार, मग मेन चालू. राऊटरचे दिवे लुकलुकत परत लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग वहीतले नंबर एकेक करून बघायच्या. सगळे आपापल्या जागी आले की वही मिटून म्हणायच्या, "हां. आता चहा."

सिडकोतल्या आमच्या गल्लीत आमचं घर आणि त्यांचं घर एकमेकांना लागून. सत्तरीला टेकलेली बाई, उंचीनं कमी, चालणं झपझप. चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली. सुरुवातीला ट्रंक ऑपरेटर, बाहेरगावचे फोन जोडून द्यायच्या, शेवटी शेवटी कॉम्प्युटरच्या विभागात. नवरा लवकर गेला, मुलगी नांदेडला दिलेली. रिटायर झाल्यावर बायका देवधर्म करतात, नातवंडं सांभाळतात. आपांनी गल्लीतल्या सगळ्या घरांचे राऊटर सांभाळले.

ट्रंक ऑपरेटरच्या खुणा अंगात मुरलेल्या होत्या. ऐकताना मान डावीकडं कलायची, जणू कानाला अजून हेडफोन आहे. फोन उचलला की हॅलो नाही, "बोला". आणि कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ही बाई चक्क तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसायची. मी एकदा म्हटलं, "आपा, तुमच्यापासून काय लपवायचं? बघा की!"

"नाय बाबा," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "चाळीस साल लोकांची बोलणी कानावरून गेली. सोयरीक मोडलेली ऐकली, मयत झाल्याचं ऐकलं, एक साहेब बायकोला मुंबईला आहे म्हणून सांगायचे आन् फोन जालन्यावरून लावायचे, ते बी ऐकलं. घरी आले की सगळं बंद. ऐकलेलं ऐकलं नाय."

"कोण साहेब?" मी लगेच कान टवकारले.

"लाईन लई खराब होती हो. नाव ऐकू आलं नाय," आपा म्हणाल्या, आणि टाइप करून झालं का असं विचारलं.

आता मी कोण ते सांगतो. मी चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, सुपरवायझर. मोटर, पॅनल, कन्व्हेअर, काहीही द्या, उघडून ठीक करीन. त्यामुळं घरातली गोष्ट शेजारच्या बाईला दाखवायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं. आपा मला "इंजिनियर साहेब" म्हणायच्या. मी इंजिनियर नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण अण्णांमुळं मला त्यांच्यापुढं नमतं घ्यावं लागलं. अण्णा म्हणजे माझे वडील. फर्दापूरकडं आमची शेती, तिथं सगळं आयुष्य काढलेलं. आई गेल्यावर मी त्यांना इकडं आणलं, आणि दोनेक वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग आपण कुठं आहोत तेच. तब्येत ठणठणीत, पाय तर माझ्यापेक्षा चांगले. तीच तर पंचाईत! गेट उघडून चालायला लागायचे. एकदा जालना रोडच्या मधोमध उभे सापडले, दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले आणि हे शेताचा बांध शोधतायत. त्या दिवशी माझी बायको वैशाली इतकी घाबरली की दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. मी कामावर, ती शाळेत शिकवायला, दुपारी एक मावशी घरात असायच्या, पण त्या काय दर मिनिटाला गेटाकडं बघत बसणार? आणि गेटाला कुलूप घातलं की अण्णा गज धरून उभे राहायचे. "मला कोंडलं का रे?" असं विचारायचे. ते बघवायचं नाही.

पुण्याला असलेल्या माझ्या धाकट्या भावानं उपाय काढला. गेटला एक सेन्सर, स्वयंपाकघरात एक बेल, गिझरला आणि अंगणातल्या दिव्याला स्मार्ट स्विच, एक कॅमेरा, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी एक लहानशी डबी. गेट उघडलं की डबीला कळणार, डबी बेल वाजवणार आणि आमच्या दोघांच्या मोबाइलवर निरोप पाठवणार. दोन दिवस राहून त्यानं सगळं बसवलं आणि गेला. आठवडाभर झकास चाललं.

मग एका पहाटे लाईट गेली आणि आली. सहा वाजता मी अंगाला साबण लावतोय तोच स्वयंपाकघरात बेल ठणाणा! गेट! अण्णा! मी टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण, तसाच बाहेर धावलो. गेट बंद. अण्णा आपल्या खाटेवर घोरतायत. समोरच्या काकू रांगोळी टाकत होत्या, त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. घरात आलो, गिझर बंद केला, बेल बंद. गिझर चालू केला, बेल चालू. म्हणजे गिझर लागला की डबी ओरडत होती, गेट उघडलं म्हणून! मग मी गेट उघडून बघितलं. बेल गप्प.

हसण्यासारखं होतं, पण मला घाम फुटला. गिझरवर बेल वाजते ते सोडा, गेटवर वाजत नाही त्याचं काय? भावाला फोन केला. त्यानं पुण्यातून काहीतरी करून नीट केलं. चार दिवसांनी परत लाईट गेली, परत घोळ. आपल्याकडं लाईटचं काय सांगावं! मी राऊटर बदलून आणला, सेन्सर उघडून परत बसवला, वायर बदलल्या. काही फरक नाही. शेवटी वैशालीच वैतागून म्हणाली, "तुमचं मेंटेनन्स पुरे. मी आपांना बोलावते."

आपा आल्या. मेन स्विच बघितला. पाटावर बसल्या. माझं पुराण मान कलती करून शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाल्या, "यंत्रात काय खराबी नाय, इंजिनियर साहेब. तुमच्या घरात कुणाचा पत्ताच पक्का नाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच समजलं. राऊटर म्हणजे लग्नाच्या हॉलवरचा मॅनेजर. जो येईल त्याला रिकामी दिसेल ती खोली देतो. लाईट गेली की सगळं वऱ्हाड बाहेर, लाईट आली की परत आत, आणि पहिला कोण धावत येईल त्याचा नेम नाही. कालच्या गेटच्या खोलीत आज गिझर जाऊन बसतो. पण भावाची डबी बिचारी कालच्याच खोलीचं दार वाजवते आणि विचारते, काय हो गेट, उघडलात का? आतून गिझर म्हणतो, हौ, चालूय.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"राखून ठेवायची. खोली," आपा म्हणाल्या. "हरेक यंत्राला कारखान्यातून येतानाच एक जन्मखूण आसती. बारा अक्षरांची. ती कधी बदलत नाय. राऊटरला सांगायचं, ही खूण घेऊन जो येईल त्याला हाच नंबर, दुसऱ्या कुणाला नाय. बस."

त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. गल्लीतल्या प्रत्येक घराचं एक पान. आमचं नवीन पान काढून वर माझं नाही, अण्णांचं नाव लिहिलं. मग खाली हळूहळू, शाळेतल्या अक्षरात, एकेका यंत्राची जन्मखूण उतरवून घेतली. चष्मा वर करून सेन्सरच्या पाठीवरची अक्षरं वाचायच्या, मला परत वाचायला लावायच्या, दोन्ही जुळली तरच लिहायच्या. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. हे सगळ्यांचं आडनाव समजा. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. नव्व्याण्णवपर्यंत घरच्यांचे. शंभरच्या पुढं पाव्हणे, मोबाइल, येणारेजाणारे. त्यांना राऊटर देईल ते घ्यावं. बोला, गेटला काय देऊ? एकवीस?"

खाटेवरून अण्णा म्हणाले, "एकशे आठ द्या."

आम्ही सगळेच चमकलो. अण्णा ऐकत होते! रोज सकाळी माळ ओढायची सवय, एवढी एक गोष्ट ते अजून विसरले नव्हते. एकशे आठ मणी.

आपा उठून त्यांच्याजवळ गेल्या. "अण्णा, शंभरच्या पुढं पाव्हणे आसतात ना. गेट तुमच्या घरचं हाय. घरच्याला पाव्हण्यात कसं बसवायचं?"

अण्णा भिंतीकडं तोंड करून निजले. गेटला एकवीस मिळाला. गिझरला बावीस, दिव्याला तेवीस, असं करत सगळे बसले. मेन बंद झाला, साठ आकडे झाले, मेन चालू झाला. मी गेट उघडलं आणि स्वयंपाकघरात बेल वाजली. वैशालीनं चहा टाकला.

त्यानंतर दिवसातून चार वेळा लाईट गेली तरी गेटची बेल गेटलाच वाजायची. कामावर जेवताना मोबाइल वाजला की मी बघायचो, गेट उघडलं, गेट लागलं, कॅमेऱ्यात मावशी भाजी घेतायत. घास गोड लागायला लागला. वैशाली परत रात्रीची सलग झोपायला लागली. आणि आपा रोज संध्याकाळी अर्धा तास अण्णांजवळ येऊन बसू लागल्या.

हे त्यांनी का सुरू केलं, मी कधी विचारलं नाही. अण्णांच्या गोष्टी ठरलेल्या चारपाच, त्याच त्याच. आम्ही दोघांनी त्या ऐकणं कधीच सोडलं होतं. मी तर "हो अण्णा, हो अण्णा" म्हणत मोबाइल बघायचो. आपा मात्र मान डावीकडं कलती करून ऐकायच्या, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन विचारायच्या. बैलाचं नाव काय होतं? मग पूर आल्यावर पलीकडं कसे गेलात? महालक्ष्म्यांच्या साड्या कुठल्या दुकानात? मालक कोण तिथला? मी एकदा म्हटलं, "आपा, हीच गोष्ट काल सांगितली त्यांनी."

"हौ. पण काल मधीच लाईन कटली होती," त्या म्हणाल्या.

आता माझा पराक्रम सांगतो.

ते एकशे आठ अण्णांच्या डोक्यातून काही जाईना. बाकी सगळं विसरायचे, हे नाही. रोज विचारायचे, "गेटला एकशे आठ दिला का?" आणि मला वाटायचं, जन्मदाता बाप एक आकडा मागतोय, तोही देवाचा, आणि तो द्यायला मी शेजारच्या बाईची परवानगी काढू? माझं मेंटेनन्सवाल्याचं रक्त उसळलं. एका रविवारी बसलो आणि गेटच्या सेन्सरमध्येच हातानं शेवटचा आकडा एकशे आठ करून टाकला. भावाच्या डबीतही एकवीस खोडून एकशे आठ. गेट उघडलं, बेल वाजली. चाललं की! अण्णांना सांगितलं. ते किती दिवसांनी हसले. आपांना सांगितलं नाही.

राऊटरला तर सांगितलंच नाही. त्याच्या लेखी एकशे आठ नंबरची खोली रिकामीच होती.

महिनाभर काही झालं नाही. आमच्याकडं येतंय कोण? दोघांचे मोबाइल, एक टीव्ही, संपलं. राऊटरची पाव्हण्यांची रांग एकशे चार-पाचच्या पुढं कधी गेलीच नाही.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, तीन दिवस घर फुललेलं असतं. पुण्याहून भावाचं कुटुंब, परभणीहून वैशालीची माणसं. आल्या आल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, वायफायचा पासवर्ड काय? देवीपुढं हळदीकुंकू नंतर. जेवणाच्या दिवशी सकाळपासून गडबड, सोळा भाज्या, पुरण, आंबील, आरती. अण्णांना नवं धोतर नेसवून देवीपुढं बसवलं होतं. सकाळपासून त्यांचं एकच चाललेलं, "साड्या आणायच्या राहिल्या." मी म्हटलं, "आणल्यात अण्णा, नेसवल्यात, त्या बघा." ते बघायचे, मान हलवायचे, परत पाच मिनिटांनी तेच. वैशालीनं त्या मोबाइलवरून मागवल्या होत्या. मला वेळ नव्हता. मी पंगत वाढत होतो.

पुरणपोळी जड असते. तीन वाजता घरात जिथं जागा मिळेल तिथं माणसं आडवी झाली. मीही झालो. झोपताना मनात विचार आलेला मला आठवतो, बेल आहे, काळजी नाही.

चारला वैशाली अण्णांचा चहा घेऊन गेली. खाट रिकामी.

पुढची पाच मिनिटं मला नीट सांगता येत नाहीत. मी मोरीत बघितलं, गच्चीवर बघितलं, गेटपाशी गेलो. गेट सताड उघडं. बेल गप्प. मी गेट लावलं, उघडलं, परत लावलं, परत उघडलं. बेल गप्प. आणि मला कळलं. सगळं एका क्षणात कळलं. मी बापाला स्वतःच्या हातानं रस्त्यावर सोडलं होतं.

घरात एकच कल्लोळ. भाऊ गाडी काढतोय, पाव्हणे एकमेकांना फोन करतायत, कुणी म्हणतंय पोलिसांत जा, कुणी म्हणतंय जालना रोड बघा आधी. वैशाली दारातच बसून रडायला लागली. तेवढ्यात नसीम आपा आत आल्या. आवाज ऐकूनच आल्या असाव्यात. हातात वही होती.

"सगळे गप!" त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कुणी कुणाला फोन करायचा नाय. लाईन मोकळी ठेवा. आन् वैशाली बेटा, रडणं नंतर. अण्णांची टोपी कुठंय?"

वैशालीनं डोळे पुसत खुंटी बघितली. टोपी नव्हती.

"चप्पल?"

"नाही."

"टोपी घालून गेले. म्हंजे भटकायला नाय गेले, कामाला गेले," आपा म्हणाल्या. "बाजाराला जाताना टोपी घालायचे ना ते? सकाळपासून काय बोलत होते?"

"साड्या आणायच्या राहिल्या म्हणून," वैशाली म्हणाली.

आपांनी डोळे मिटले. मान डावीकडं कलली. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मोबाइल घेतला आणि वहीत न बघता एक नंबर फिरवला. जुना, लँडलाइनचा.

"बोला," त्या म्हणाल्या. "गुलमंडी का? शेठ हाईत का, मोठे? त्यांना द्या. ... शेठ, एक बुजुर्ग, पांढरं धोतर, काळी टोपी, फर्दापूरकडचे..."

पलीकडून काय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. मी आपांच्या तोंडाकडं बघत होतो. त्या बाईच्या तोंडावर काही दिसायचं नाही, चाळीस वर्षांची सवय. मग त्यांचा हात हळूच माझ्या मनगटावर आला आणि त्यांनी ते दाबलं.

"बसलेत," त्या म्हणाल्या. "दुकानात बसलेत. पाणी दिलंय. साड्या बघू राहिले."

हुश्श! देवा! मी तिथंच खाली बसलो आणि सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडलो. कुणाची लाज वाटली नाही.

भावाच्या मागं बसून गुलमंडीच्या बाजारात गेलो. सणाची गर्दी, गाडी पार लांब लावली, बाकीचं धावत. जुनं कापडाचं दुकान, पांढरी गादी, आणि गादीवर मांडी घालून आमचे अण्णा. समोर दहाबारा साड्या उलगडलेल्या. रिक्षावाल्याला दुकानाचं नाव सांगून नीट पोचले होते. आपण राहतो कुठं ते सांगता येत नव्हतं, पण चाळीस वर्षं जिथून महालक्ष्म्यांच्या साड्या घेतल्या ते दुकान बरोब्बर ठाऊक होतं. मला बघून रागावले. "किती उशीर? पिशवी आणली का?"

"आणली अण्णा," मी म्हटलं. पिशवी नव्हती.

त्यांनी एक हिरवी, एक जांभळी निवडली. काठ चिमटीत धरून बघितले, आई बघायची तसे. म्हातारे शेठ मला म्हणाले, "घरचा नंबर विचारला, तर सांगता येईना त्यांना. मग म्हटलं बसवून घ्यावं, कुणीतरी विचारत येईलच. आमचा फोन वडिलांच्या वेळेपासून तोच आहे. पण त्या बाईंना पाठ कसा हो?"

घरी आल्यावर त्या साड्या वैशालीनं लगेच महालक्ष्म्यांच्या अंगावर घातल्या, आधीच्या साड्यांवरूनच. पाव्हण्यांनी परत आरती म्हटली. आपा एका बाजूला उभ्या होत्या. आरती संपल्यावर त्या राऊटरजवळ पाटावर बसल्या, आणि मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सगळं कबूल केलं. सेन्सरमध्ये हातानं लिहिलं, राऊटरला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही.

त्यांनी राऊटरची यादी उघडली. एकशे आठवर परभणीहून आलेल्या कुणाचा तरी मोबाइल बसला होता. एका नंबरला दोघं, डबी विचारतेय गेटला आणि उत्तर देतोय मोबाइल.

मला वाटलं आता ऐकावं लागणार. ऐकायची तयारीही होती. तेवढ्यात वैशाली आली, "आपा, काय बिघडलं होतं?"

"पाव्हण्यांचा घोळ," आपा म्हणाल्या. "लई मोबाइल झाले ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि ते मला सहन होईना. मीच म्हटलं, "नाही वैशाली, मी घोळ केला." सगळं सांगितलं. वैशाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते सोडा.

आपा मात्र जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "चूक तुमची हायच. पण पयली माझी. अण्णांनी एक आकडा मागितला आन् मी नियम सांगत बसले. पाव्हण्यांची हद्द सरकवली आसती तर काय बिघडलं आसतं? दोन मिनिटांचं काम." त्यांनी पाव्हण्यांचे नंबर दीडशेपासून सुरू केले, सेन्सरमधलं माझं लिहिलेलं पुसलं, आणि राऊटरमध्ये गेटच्या जन्मखुणेसमोर एकशे आठ लिहून राखून ठेवला. वहीतल्या पानावर एकवीस खोडून तिथंही. मग मेन बंद केला. वीस माणसांचं घर अंधारात, देवीसमोरची समई तेवढी तेवत. साठ आकडे आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं मोजले. मेन चालू झाला. भावाच्या लेकीनं गेट उघडलं आणि स्वयंपाकघरात बेल वाजली, तर पाव्हण्यांनी टाळ्याच वाजवल्या!

पुढच्या उन्हाळ्यात आपांच्या डोळ्यांचा त्रास वाढला. मुलगी म्हणाली, आता एकटं राहायचं नाही, नांदेडला चला. जायच्या आधी महिनाभर त्या वैशालीला शिकवत होत्या, मला नाही. गल्लीची ती वही वैशालीच्या हवाली केली. "इंजिनियर साहेबांना दाखवू नका," एवढं बजावलं, आणि माझ्याकडं बघून हसल्या.

निघायच्या दिवशी सकाळी दहाची वेळ. रिक्षा गेटाबाहेर उभी, मुलगी सामान लावतेय. आपा अण्णांचा निरोप घ्यायला आत आल्या. त्या दिवशी अण्णांनी त्यांना ओळखलं नाही. "कोण पाव्हण्या?" म्हणाले. आपा नेहमीसारख्या खाटेजवळ बसल्या, बैलाचं नाव काय होतं विचारलं, आणि अण्णांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पूर्ण ऐकली त्यांनी. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

मग त्या उठल्या, तर अण्णाही उठले. पाव्हण्यांना पोचवायला वेशीपर्यंत जायचं, ही गावाकडची रीत. त्यांनी टोपी घातली. आपांबरोबर गेटपर्यंत गेले, गेट उघडलं. आत बेल वाजली, माझ्या खिशात मोबाइल थरथरला. अण्णा रस्त्यावर उतरले. मी अंगणातून धावलो आणि त्यांचा दंड धरायला हात पुढं केला.

आपांनी रिक्षात बसल्या बसल्या माझ्याकडं बघून मान हलवली. नको.

मी हात मागं घेतला. रिक्षा सुरू झाली. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. मीही बघत होतो, पण रिक्षाकडं नाही, अण्णांच्या पायांकडं. आपांनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं होतं, मान डावीकडं कलती, आणि त्याही आमच्याकडंच बघत होत्या. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होत्या. मग त्या दिसेनाशा झाल्या, आणि अण्णा वळले. माझ्या अंगावरून सावकाश आत गेले, मला म्हणाले, "ये आत, ऊन लागंल," आणि स्वतःच्या हातानं गेट लावून घेतलं.